कझानला डिसेंबरअखेर येताय? मग विमानाची तारीख बदला

तुम्ही विचारलंत, यजमानांची रशियातल्या कझानला बदली झालीय, २८ डिसेंबरचं तिकीट बघताय, लेक सहा वर्षांची आहे. तिथले सण-सुट्ट्या कशा असतात, आपलं काही अडेल का? मी इथे अकरा वर्षं आहे, म्हणून सांगते: अडेल. जमलं तर दहा-बारा दिवस आधी या.

१ ते ८ जानेवारी अख्ख्या रशियात सुट्टी असते. किराणा, औषधांची दुकानं उघडी असतात, पण सरकारी कचेऱ्या, ऑफिसं सगळं ठप्प. घराचा करार, परदेशी माणसाची नोंदणी, सिमकार्डाची कटकट, जे काय असेल ते आधी उरका. आणि आपली व्हिसा-मास्टरकार्डं इथे २०२२ पासून चालत नाहीत, तेव्हा हाताशी रोख हवीच.

नववर्ष म्हणजे यांची दिवाळी. सोव्हिएत काळात नाताळ बाजूला पडला, १९३५ साली ‘योल्का’ म्हणजे सजवलेलं झाड नववर्षाच्या नावाने परत आलं, आणि सगळी हौस ३१ डिसेंबरच्या रात्रीवर एकवटली. चर्चचा नाताळ ७ जानेवारीला, तो त्यामानाने शांत. ३१ ला कोणी घरी बोलावलं तर नक्की जा. बाराला पाच कमी असताना टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांचं भाषण, मग मॉस्कोच्या क्रेमलिनच्या घड्याळाचे ठोके, मग शॅम्पेन. बारापर्यंत ‘स नास्तुपायुश्चिम’ म्हणायचं, म्हणजे ‘येणाऱ्याच्या शुभेच्छा’. बारानंतर ‘स नोविम गोदम’. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आधी देऊ नका, अपशकुन समजतात. शाकाहारी असाल तर ऑलिव्हिए सॅलडबद्दल स्पष्ट विचारा. दिसतं बटाटा-मटारचं, पण आत सॉसेजचे तुकडे असतात. मी पहिल्या वर्षी अर्धी वाटी संपवल्यावर विचारलं होतं!

फुलं नेहमी विषम संख्येनेच न्यायची. सम संख्या अंत्यविधीला. पहिल्या ८ मार्चला, महिला दिनाला, मी शेजारच्या आजींना सहा ट्युलिप नेले. त्यांनी हसून घेतले, स्वयंपाकघरात गेल्या, फुलदाणी घेऊन आल्या तेव्हा त्यात पाच होते. सहावं त्यांनी माझ्याच हातात दिलं, ‘हे तुझं’ म्हणून. खरं कारण मला ऑफिसात कळलं. या दिवशी ऑफिसातले पुरुष सगळ्या बायकांना फुलं देतात. २३ फेब्रुवारीला आपण पुरुषांचं कौतुक करायचं. तो मूळचा सैनिकांचा दिवस.

मला सगळ्यात आवडते ती मास्लेनित्सा. ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू होण्यापूर्वीचा हा आठवडा. मांस नाही, पण लोणी-दूध-अंडी चालतात, म्हणून घरोघरी ब्लिनी. आपल्या घावनासारखीच, फक्त तांदळाऐवजी मैदा आणि सोबत स्मेताना, म्हणजे आंबट साय. शेवटी रविवारी पेंढ्याची बाई जाळतात, अगदी होळी. त्याच दिवशी एकमेकांची माफी मागतात. शेजाऱ्यांनी ‘प्रोस्ती’ म्हटलं तर घाबरू नका, त्यांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही.

९ मे, दुसऱ्या महायुद्धातला विजय दिन. त्या दिवशी सेल्फी-बिल्फी सांभाळून. बहुतेक घरांत युद्धात गेलेला कोणीतरी असतो. १ मे, १२ जून, ४ नोव्हेंबर या सुट्ट्या लोक बागेत, गावाकडच्या घरी घालवतात.

कझान तातारस्तानात, म्हणजे मुस्लिम तातारांच्या भागात असल्याने कुर्बान-बायरामलाही, म्हणजे बकरी ईदलाही, इथे सुट्टी. मधात घोळवलेलं चक-चक खाऊन बघा, लेकीला आवडेल. शाळेच्या योल्कात, म्हणजे झाडाभोवतीच्या नववर्षाच्या कार्यक्रमात, तिला देद मरोझसमोर (यांचा सांताक्लॉज) कविता म्हणायला सांगतील, तेव्हा दोन ओळी आत्तापासून पाठ करून घ्या.

१३ जानेवारीच्या रात्री हे ‘जुनं नववर्ष’ही साजरं करतात, जुन्या पंचांगाप्रमाणे. मग लगेच १४ किंवा १५ ला आपली संक्रांत. तीळ इथे ‘कुंझुत’ नावाने मिळतात. गूळ मात्र बॅगेत टाका.