नवऱ्याला सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, एक प्रकारचा ब्लड कॅन्सर) निघालाय, आता काय?

ताई, आधी ते गूगल बंद करा. ब्लड कॅन्सर म्हटलं की जुन्या पिक्चरमधला मरणारा हिरोच डोळ्यासमोर येतो, पण तुमच्या मिस्टरांचा सीएमएल आहे, तोही क्रॉनिक फेजमध्ये, म्हणजे आजाराच्या सुरुवातीच्या, संथ टप्प्यात, त्यात बहुतेकांना रोजची गोळी असते आणि माणसं वर्षानुवर्षं नोकरीधंदा करतात, आमच्या ह्यांचं तसंच चाललंय.

इमॅटिनिब, म्हणजे ही रोजची गोळी, जेवणासोबत आणि मोठा ग्लास भरून पाण्याबरोबर द्या, उपाशीपोटी फार मळमळतं. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे येणं हे होतं, डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून गोळी बंद नको. जरा बरं वाटलं की पुरुषांना हेच सुचतं! सुरुवातीला साधारण दर ३ महिन्यांनी बीसीआर-एबीएल टेस्ट असते, म्हणजे आजार किती उरलाय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, ती शक्यतो एकाच लॅबमधून करा म्हणजे आकडे ताडून बघता येतात. खर्चाचं म्हणाल तर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकचं (इमॅटिनिबचं कंपनीचं ब्रँड नाव) पेटंट नाकारलं, त्यामुळे जेनेरिक गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, शिवाय हॉस्पिटलच्या सोशल वर्करला सरकारी योजनांचं विचारून ठेवा.

नातेवाईक भस्मं, काढे घेऊन येतील, हसून ठेवून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. फोन घ्यायचं काम दिराकडे सोपवा, रोज सगळ्यांना तेच तेच सांगून जीव जातो. आणि मिस्टरांशी रिपोर्ट सोडून दुसरंही बोला हो, भांडा हवं तर. तुम्हालाच झोप लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यात लाज कसली.