थ्रिलर शॉर्टफिल्म करताय? आधी जागेचा कागद हातात घ्या, कपडे-लाइटचं मग बघू

"फायनल इयरची 12 मिनिटांची थ्रिलर आहे, गावाबाहेरच्या बंद सरकारी गोदामात रात्री शूट करायचंय, कपडे आणि प्रॉप्स ठरले, लाइट कोणते घेऊ ते सांगा" असं तू विचारून राहिला आणि मधेच एक वाक्य टाकून मोकळा झाला की गोदामाचं टेन्शन नाही, साहेब हो म्हणाले आहेत. भाऊ, लाइटचं सांगतो खाली, पण टेन्शन सगळं त्याच वाक्यात आहे. आम्ही पण कॉलेजात असताना हेच वाक्य छाती फुगवून सांगत फिरत होतो.

आमची जागा म्हणजे एका खात्याची जुनी इमारत. खात्याचं नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही, उगाच कोणाच्या ओळखीतलं निघायचं. खाली हिरवा ऑइलपेंट, वर पिवळा पडलेला चुना, लांब व्हरांडा, एका खोलीत मोडक्या खुर्च्यांचा ढीग, सेट लावायची गरजच नाही. साहेबांनी चहा पाजला, म्हणाले पोरांनो करा, चांगलं काम आहे. अर्ज दिला तर बाबू म्हणे याला लेटरहेड पाहिजे. लेटरहेड नेलं तर म्हणे प्राचार्यांची सही आहे पण शिक्का नाही. शिक्का आणला तर दुसऱ्या टेबलावरच्या मॅडम म्हणे हा विषय माझ्याकडे येतच नाही, आणि ज्यांच्याकडे येतो ते ट्रेनिंगला गेलेले. मग कोणीतरी स्टोरी मागितली. ती वाचून बाबूनं चष्मा कपाळावर चढवून फार सिरियसली विचारलं, "यात आमच्या बिल्डिंगमध्ये भूत दाखवणार काय? खात्याची बदनामी होईल." भूत नाही हो काका, खून आहे म्हटलं. तर म्हणे मग ठीक आहे.

आणि शूटच्या आठवड्यात साहेबांची बदली. नवीन साहेबांचं एकच म्हणणं, मागच्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, लेखी आहे काय? नव्हतं, कारण कागद अजून टेबलावरून टेबलावर फिरत होता. चौकीदार बिचारा किल्ली हातात घेऊन उभा, म्हणे साहेबाचा फोन आल्याशिवाय मी कुलूप काढत नाही. मंडपवाल्याचे हॅलोजन येऊन पडलेले, जनरेटरचं भाडं अन् डिझेल भरलेलं, हिरोईन अमरावतीच्या होस्टेलवरून दोन दिवसांची सुट्टी काढून आलेली. पैसे कोणी वापस दिले नाही, देणारही कोण.

पण पैशापेक्षा जास्त काय गेलं ते ऐक. हिरव्या भिंतीवर उठून दिसावी म्हणून तिची साडी मुद्दाम मरून रंगाची घेतली होती. व्हरांड्याच्या खांबांच्या सावल्या पडाव्या म्हणून लाइट बाहेरून मारायचं ठरवलं होतं. मोडक्या खुर्च्यांत पुरावा सापडतो असा सीनच लिहिला होता. जागा गेली तशी साडी गेली, लाइटचा नकाशा गेला, स्क्रिप्टची चार पानं गेली. म्हणून म्हणतो, कपडे, प्रॉप्स, लाइट हे सगळं जागेच्या पोटातून निघते, आणि तू जागा सोडून बाकी सगळं ठरवून बसला.

माझं मत विचारशील तर विद्यार्थ्यानं सरकारी इमारतीच्या वाट्याला जाऊच नये. सगळी ऑफिसं अशी नसतात, चांगली माणसंही भेटतात, कोणाला राग आला तर माफ करा. तरी गोदामच पाहिजे असेल तर अर्जात तारखा, वेळ, माणसं किती, वीज कोणाची वापरणार हे सगळं लिही आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसहित पोच घे. परवानगी एका दिवसाची घेऊ नको, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी माग, पाऊस सांगून येत नाही. किल्ली कोण उघडणार तेही त्याच कागदात येऊ दे. चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची शूटिंग परवानगीसाठी एक खिडकी व्यवस्था आहे, तेही एकदा पाहून घे.

नाहीतर मामाचा कोठा घे, कोणाचा जुना वाडा घे, वावरातली झोपडी घे, बंद पडलेल्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, मालक ओळखीचा असेल तर सोन्याहून पिवळं. ज्याच्या घरी बसून चहा पिता येते तोच लोकेशनचा मालक चांगला. फक्त कापसाच्या सीझनमध्ये जपा. दिवाळीनंतर कित्येक घरी एक खोली कापसानं भरलेली असते, तिथे हॅलोजन, उदबत्ती, बिडी काहीच नको. हॅलोजन किती तापते हे हात लावल्याशिवाय पोट्ट्यांना समजत नाही. आणि तुरीच्या वावरात सीन असेल तर एका दमात संपव. जानेवारीत तूर कापली की तुझं दाट जंगल एका दिवसात मैदान होते आणि अर्धा सीन पुढच्या पिकापर्यंत लटकते.

आता जे तू विचारलंच नाही ते. थ्रिलर म्हणजे रात्रच, हे तुला कोणी सांगितलं? मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा 45 च्या वर जाते, दुपारी दोन वाजता गल्लीत कुत्रंही दिसत नाही, सगळी दारं लोटलेली. मध्यरात्रीपेक्षा ते जास्त भयाण असते आणि लाइट फुकट. कपड्याचंही काम तिथेच होते. उन्हात प्रत्येक माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरते, मग खुनी बसस्टँडवर पोलिसाच्या बाजूला उभा राहिला तरी कोण ओळखते? असा मास्क पुण्या-मुंबईवाल्यांना सुचणार नाही. दुपट्ट्याचा रंग मात्र एकच ठेव आणि तसेच दोन-तीन घेऊन ठेव. त्रास एकच, मोबाइल तापून रेकॉर्डिंग बंद पडते, म्हणून दोन टेकच्या मधे सावलीत ठेवा, आणि 4के चा हट्ट नको. शेजाऱ्यांचे कूलर बंद करायला लावा, ती घरघर एडिटमध्ये निघता निघत नाही. बंद ठेवायचं म्हटलं तर लोक चिडतात, दहा-दहा मिनिटांचंच मागा.

कपड्यात पांढरंशुभ्र नको, अंधारात सगळा उजेड तेच खाते आणि चेहरा काळा पडते. बारीक चौकड्याचा शर्टही नको, कॅमेऱ्यात लाटा दिसतात. रक्त लागणारा शर्ट निदान तीन सारखे, नाहीतर दुसरा टेक विसर. रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको किंवा कॉफी. बीटचं करू नको, गुलाबी दिसते. पाकाला मुंग्या लागतात, मेलेला माणूस मधेच हातपाय झाडते, तर जमिनीवरचा शॉट आधी उरकून घ्या. फवारणीचा मास्क आणि गॉगल खुन्याला घालायची आयडिया भारी दिसते हे मान्य, पण घरातला वापरलेला उचलून कोणाच्या तोंडाला लावू नका, नवीन आणा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी, शेतमजूर गेले ते आपण पाहिलं. त्या भागात शूट असेल तर स्टोरीत ते कसं येते याचाही विचार करा.

रात्रच पाहिजे असेल तर ऐक. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि हॅलोजन लालसर होत जाते, दोन शॉट एकमेकाला जुळत नाही. त्यापेक्षा बॅटरीवरच्या फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी काढा. ती साधारण 8 अँपिअर-अवरची असते, त्यावर 24 वॅटची एलईडी पट्टी कागदावर चार तास चालते, तुम्ही तीन धरा. पंप आधी पुसा, नंतर हात साबणानं धुवा. लाइट कधीच कॅमेऱ्याच्या बाजूनं मारू नको, तट्ट्याच्या (बांबूच्या विणलेल्या भिंतीच्या) किंवा खिडकीच्या बाहेरून आत येऊ दे, समोरून थर्माकोलचा एक तुकडा धर म्हणजे तोच उजेड परतून चेहऱ्यावर येते, बस. मोबाइल मॅन्युअलवर, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, ऑटोवर बल्बाखाली पट्टे फिरतात. लांबचा वावराचा शॉट तर दिवसाच काढ. सूर्य माणसाच्या मागे, आभाळ फ्रेमच्या बाहेर, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), व्हाइट बॅलन्स 3200 केल्विनच्या आसपास, म्हणजे चित्र निळसर होऊन दिवसाची रात्र दिसते.

आणि रात्री अनोळखी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, जाऊ नका, हे कळकळीनं सांगून राहिलो. रानडुकरांसाठी काही जण तारेत सरळ लाइनचा करंट सोडतात, बेकायदा आहे तरी सोडतात, आणि माणसं मरतात. ज्याचं वावर आहे त्याला सोबत घेऊनच पाय टाका.

खेळण्यातलं पिस्तूल, तोंड बांधलेला माणूस, रात्रीची गाडी, हे शूटिंग आहे हे तुला माहीत आहे, गावाला नाही. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना मारलं. म्हणून पोलीस पाटलांना आणि सरपंचांना आदल्या दिवशी भेटा, ठाण्यात लेखी कळवा, गावातली दोन पोट्टी युनिटमध्ये घ्या. ती पुऱ्या गावाला सांगून येतात, वेगळी दवंडी लागत नाही.

जागा बदलली तर तिचे दुपारचे आणि संध्याकाळचे फोटो टाक, दारं-खिडक्या कुठे आहेत ते दिसू दे. मोबाइल कोणता आहे तेही लिही, मग लाइट नेमके कुठे ठेवायचे ते सांगतो.