धीर धरायचा म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. यंदा कपाशीची बोंडे भरण्याच्या वेळी पावसाने उघडीप दिली नाही आणि निम्मी बोंडे झाडावरच सडली. पीककर्ज थकले आहे. त्याआधीच एका सावकाराने दोन एकरांचे खरेदीखत तारण म्हणून लिहून घेतले आहे. यजमान कोणाशी बोलत नाहीत, रात्र रात्र जागे असतात. येणारा प्रत्येक जण ‘धीर धरा’ म्हणतो, पण तो कसा धरायचा हे कोणी सांगत नाही. गावरान तुरीची थोडी डाळ मी घरच्या जात्यावर करते, ती तालुक्याच्या गावच्या शिक्षिका दरवर्षी मागून नेतात. बाकी हाती काहीच नाही.

उत्तर : ताई, आधी यजमानांविषयी, कारण बाकीची कामे आठवडाभर थांबू शकतील, हे थांबणार नाही. ज्या माणसाची झोप उडाली आहे आणि बोलणे तुटले आहे, त्याच्या हाताशी कीटकनाशकाचा डबा असू नये. तो आजच घरातून हलवून विश्वासू शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट साचलेले बोलायला वाट मिळते. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) क्रमांकावर दिवसरात्र मोफत समुपदेशन मिळते. गावातल्या आशाताईंच्या कानावरही ही गोष्ट घाला.

त्यानंतर कागद. बँकेची थकबाकी आणि सावकाराचे देणे घरात एकाच ओझ्यासारखे वाटत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी प्रकरणे आहेत. गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत जाहीर झाली असेल, तर पीककर्जाच्या पुनर्गठनासाठी, म्हणजे फेडीची मुदत वाढवून घेण्यासाठी, बँकेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सावकाराकडे परवाना आहे का, हे सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात कळते. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन, खरेदीखत झालेले असले तरी, चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा आदेश देण्याचा अधिकार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने जिल्हा निबंधकांना दिला आहे. दिलेल्या व्याजाच्या चिठ्ठ्या, साक्षीदार, सातबाऱ्यावरील नोंदी, जे असेल ते जमवा.

आता तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य. ‘बाकी हाती काहीच नाही’ असे लिहिताना जे हाती आहे ते तुम्ही त्याच्या आधीच्याच वाक्यात सांगून टाकले आहे : ती गावरान तुरीची डाळ. हाती असलेल्यातूनच मोलाचे उभे राहिल्याचे एक उदाहरण पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्याच धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या काढून पेरल्या, हंगामामागून हंगाम निवड केली आणि त्यातून एचएमटी हे भाताचे वाण उभे राहिले. (त्या वाणावर इतरांनी जेवढे कमावले तेवढे दादाजींच्या पदरी पडले नाही, हेही खरे; म्हणूनच विक्री दुसऱ्याच्या हाती देऊ नका, असा माझा आग्रह आहे.)

तुमची तूर बाजार समितीत गेली की लिलावात ती इतर तुरीसारखीच मोजली जाते. तीच तेलाचा हात लावून, उन्हात खडखडीत वाळवून, भरडून, पाखडून दिली, तर गिऱ्हाईक तुमच्या नावाने विचारत येते, हे त्या शिक्षिकांनी दाखवून दिले आहे. एक क्विंटल तुरीची घरगुती पद्धतीने साधारण ६० ते ७० किलो डाळ पडते आणि चुणी गुरांना होते. जात्याने हात भरून येतात, म्हणून बचत गटाच्या बायकांना बोलावून जवळपास मिनी दाल मिल कुठे आहे ते पाहा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेले हे छोटे यंत्र विदर्भात बऱ्याच ठिकाणी चालते. एवढ्याने कर्ज फिटणार नाही, पण वाणसामान आणि मुलांचा शाळेचा खर्च उधारीशिवाय निघू शकेल. पुढच्या हंगामात पऱ्हाटीतले (कपाशीतले) तुरीचे तास, म्हणजे ओळी, वाढवता येतील का, हा प्रश्न मात्र यजमानांनाच विचारा, कारण शेतीतले त्यांना कळते आणि आपल्याला कोणी विचारते आहे याची त्यांना आज गरज आहे. भाव ठरवताना तूर, तेल आणि पिशवी यांच्याबरोबर स्वतःची आणि मदतीला येणाऱ्या बायकांची मजुरीही धरा. ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे ती मागायला संकोच वाटतो, पण पहिल्याच वर्षी ती धरली नाही तर पुढे ती वाढवून मागता येत नाही.