वाड्याच्या भिंतीला लोणा लागलाय, टाइल्स लावू का?

प्रश्न : वाईजवळच्या गावात आमचा जुना वाडा आहे, खाली घडीव काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, मधे चौक. काकांनी मागे आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं, आता कमरेपर्यंत लोणा लागलाय, कितीही पेंट मारा, दिवाळीपर्यंत पोपडे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वॉटरप्रूफिंग करून वर टाइल्स लावून टाका. रिटायर झाल्यावर आम्हाला तिथेच राहायचंय, काय करू?

उत्तर : ताई, टाइल्स अजिबात नको. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच, आधीही चढत होती, पण तेव्हा वर चुन्याचा गिलावा होता आणि त्यातून ती सुकून निघून जायची. सिमेंटमधून तेवढी निघत नाही, मग कोंडलेली ओल अजून वर सरकते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. पाणी उडून जातं, त्याच्यासोबत आलेले क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक पेंट आणि प्लास्टर ढकलून देतात, तोच तुमचा लोणा. टाइल्स लावल्या तर तो दिसायचा बंद होईल एवढंच, आत माती मऊ पडत राहणार.

आधी बाहेर बघा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतंय का, रस्ता वर्षानुवर्षं डांबर पडून वाड्यापेक्षा उंच झालाय का. तसं असेल तर पन्हळी आणि भिंतीलगतचं गटार हे पहिलं काम, नाहीतर पुढचा सगळा खर्च पाण्यात. मग सिमेंट काढायचं, पण ब्रेकर मशीनने नाही, छिन्नी-हातोडीने, वरून खाली, थोडं थोडं, कारण ते पत्र्यासारखं सुटतं आणि सोबत मातीही ओढून आणतं. उघडी झालेली भिंत एक अख्खा उन्हाळा वाळू द्या, घाई करू नका.

मग चुना. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा, गोणीतली पावडर कालवून लगेच फासलेला नको. साधारण एकाला तीन वाळू, ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. आपल्याकडचे जुने गवंडी हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालायचे, तसं करणारा कुणी मिळाला तर त्याला सोडू नका!! गिलावा पातळ थरांत द्यायचा आणि ओला ठेवत राहायचं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, चार दिवसांत उरकायचं काम नाही हे. वरून चुन्याचीच सफेदी, प्लास्टिक पेंट मारलात तर परत तेच.

अजून एक, खांबांच्या बुडाशी बसून बघा. लाकूड जमिनीला टेकू नये म्हणून खाली दगडी तळखडा असतो. बऱ्याच वाड्यांत आधी शहाबादी, त्यावर मोझॅक, त्यावर व्हिट्रिफाइड असे थर चढत जाऊन तळखडा गाडला जातो आणि फरशी पुसताना पाणी थेट लाकडाच्या बुडात मुरतं. तिथे टोच्या टोचून बघा, आरपार गेला तर बूड कुजलंय, पण म्हणून अख्खा खांब बदलायची गरज नसते, वजन टेकूवर घेऊन चांगला सुतार कुजलेला तुकडा कापतो आणि जुन्या सागाचा सांधतो. पाडलेल्या वाड्यांचं सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतं, चांगलं मुरलेलं असतं, नवीन ओलं लाकूड नंतर वाकडं होतं.

काम काढायच्या आधी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा नीट बघून या, तुमच्यापासून जवळच आहे. पुण्यात गेलात तर १८०७ सालचा विश्रामबागवाडाही, विशेषतः दर्शनी लाकूडकाम.

प्रश्न : त्याच वाड्यात मॉड्युलर किचन, अटॅच्ड बाथरूम आणि मॉडर्न फर्निचर शोभेल का, की सगळं कोरीवकामाचंच घ्यायचं?

उत्तर : साधंच घ्या, मला तरी तेच आवडतं. खांब, तुळया, महिरपी आहेतच, त्यांच्यापुढे नवं नकली कोरीवकाम नुसती गर्दी करतं. माजघरात एक बसकी बैठक, ओटीवर कड्यांचा झोपाळा, भिंतीतल्या देवळ्यांत, म्हणजे कोनाड्यांत, पिवळ्या उजेडाची एलईडी, फडताळाला तेलपाणी करून तेच वापरा, आणि रंग हवाच असेल तर सावंतवाडीच्या लाखकामाचा एखादा पाट किंवा चौरंग. किचनची कपाटं पायांवर उभी करा, मागे दोन-तीन इंच हवा खेळू द्या, मातीच्या भिंतीत खिळे ठोकून टांगू नका. वायरिंगसाठी भिंती खोदू नका, पाइप वरूनच नीट ओळीत न्या. बाथरूम मात्र माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) किंवा माडीवर नकोच, परसदारी स्वतंत्र पायावर बांधा आणि मधे छप्पर असलेली छोटी पडवी ठेवा, रात्री पावसात भिजायला नको.