अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांत फिरायला छोटी उघडी बोट बरी की मोठी काचेची?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये आईबाबांना घेऊन दोन दिवस अ‍ॅमस्टरडॅमला आहात. कालव्यातली बोट चुकवू नका असं जो तो सांगतोय, पण मोठ्या काचेच्या बोटीत गर्दीत बसायचं की जादा पैसे मोजून दहाबारा जणांच्या छोट्या बोटीत, हे ठरत नाहीये. मी शेजारीच अ‍ॅमस्टलव्हेनला राहते. भारतातून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी बोट, हा आमच्याकडचा शिरस्ता, त्यामुळे दोन्हींत भरपूर बसून झालंय.

माझं उत्तर: छोटी घ्या. पण तिकीट काढायच्या आधी बाबांचे गुडघे कसे आहेत आणि त्यांना किती वेळाने लघवीला जावं लागतं, हे विचारून घ्या. थट्टा नाही करत.

माझे सासूसासरे पहिल्यांदा आले तेव्हा नवऱ्याला ऑफिस होतं, म्हणून मीच त्यांना घेऊन गेले. मे महिना, लख्ख ऊन, छोटी उघडी बोट. निघाल्यावर चाळीसेक मिनिटांनी सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या बाबांचं, बोलणं थांबलं. मग ते एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. सुनेला कसं सांगणार? शेवटी सासूबाईंनी माझ्या मांडीवर टिचकी मारून डोळ्यांनी खूण केली. छोट्या उघड्या बोटीत बहुधा संडास नसतो, आणि हे तिकिटाच्या पानावर असतंच, पण अगदी खाली, आपण वाचत नाही तिथे. बोट चालवणारा कॉलेजातला पोरगा होता. त्याने काही न विचारता एका पुलाजवळच्या पायऱ्यांना बोट लावली, बाबांना हात देऊन वर चढवलं आणि समोरच्या कॅफेवाल्याला ओरडून काहीतरी सांगितलं. उरलेली मंडळी दहा मिनिटं बोटीत डुलत बसली. बाबा परत आले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या! बाबांना ते अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

तेव्हा पहिला मुद्दा हा. मोठ्या बोटींपैकी बऱ्याच बोटींत संडास असतो, चढायला नीट धक्का आणि कठडा असतो, समोर टेबल असतं. छोट्या बोटीत काठावरून खाली पाय टाकून उतरायचं, आणि पाय ठेवला की बोट हलते. हात द्यायला माणूस असतो, पण ज्यांचा गुडघा वाकत नाही त्यांना ते जड जातं. आईबाबांपैकी कुणाला असा त्रास असेल तर मोठी बोट घ्या आणि अजिबात हळहळू नका. पण जूनमध्ये भर दुपारी नको. काचेच्या छपराखाली माणसांचा पापड होतो.

गुडघे ठीक असतील, तासभर कळ काढता येत असेल, तर मात्र छोटीच. पहिलं कारण उंची. छोट्या बोटीत तुम्ही जवळजवळ पाण्याला टेकून बसता, हात खाली सोडला तर भिजेल इतके. रस्ता डोक्याच्या वर राहतो. ट्राम, सायकली, पर्यटकांचे लोंढे सगळं वर, आणि तुम्ही खाली गारव्यात. पुलाखालून जाताना कमानीच्या विटा हाताला लागतील की काय असं वाटतं आणि सगळे आपोआप माना खाली घालतात.

दुसरं कारण वाट. बसपेक्षा लांब बोट यॉर्दान भागातल्या एखेलांटिअर्सग्राख्तसारख्या अरुंद कालव्यात सहसा शिरत नाही. छोटी शिरते. तिथे काठावरच्या हाउसबोटीतल्या बाईने खिडकीत वाळत घातलेले मोजेसुद्धा दिसतात. (ग्राख्त म्हणजे कालवा. त्यातला ‘ख’ घसा खाकरल्यासारखा म्हणायचा. आपल्याला जमतो, इंग्रजांना जमत नाही.)

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे बोट चालवणारा. मोठ्या बोटीत बहुधा कानाला लावायचं रेकॉर्डिंग असतं. ‘आता डावीकडे बघा’ ऐकून डावीकडे बघेपर्यंत ते घर मागे गेलेलं असतं. छोट्या बोटीत जिवंत माणूस बोलतो आणि प्रश्न विचारला की बोट हळू करतो. जाहिरातीत ‘जास्तीत जास्त १२ जण’ असं जे सगळीकडे दिसतं, ते काही केवळ आपलेपणा म्हणून नाही. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की इथल्या कायद्याने ते प्रवासी जहाज ठरतं आणि त्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं. म्हणून आकडा बारावर अडतो. फायदा आपला.

बोटवाल्याला घरांबद्दल विचारा. एवढं एक केलंत तरी पैसे वसूल. जवळजवळ प्रत्येक जुन्या घराच्या माथ्यावर पुढे आलेली एक तुळई दिसेल, तिला लोखंडी हूक. आतले जिने इतके चढे आणि चिंचोळे, की कपाट वर जाणार कसं? मग त्या हुकाला कप्पी आणि दोर लावून सामान बाहेरूनच वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. घरं पुढे झुकलेली दिसतात तीही मुद्दाम तशी बांधलेली, म्हणजे वर जाणारं सामान भिंतीला घासत नाही. हे आजही चालतं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाने फ्रीज असाच चढवला, आणि खाली उभी राहून त्यांची आई रामरक्षा म्हणत होती.

पुढे झुकणं वेगळं आणि बाजूला कलणं वेगळं, हे मात्र नीट बघा. शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकल्यासारखी जी घरं दिसतात, ती कुणी तशी बांधलेली नाहीत. हे शहर दलदलीवर उभं आहे. चिखलातून लाकडी खांब ठोकून साधारण बारा मीटर खाली वाळूच्या थरापर्यंत न्यायचे आणि त्यांवर घर उभं करायचं, ही इथली जुनी पद्धत. लाकूड पाण्याखाली राहिलं तर शेकडो वर्षं टिकतं. पाण्याची पातळी उतरली आणि हवा लागली की कुजतं, आणि मग घर एका अंगाला बसतं. म्हणून कालव्यांची पातळी इथे समुद्रसपाटीच्या स्थानिक मापाखाली ४० सेंटिमीटरवर काटेकोर राखतात. डाम चौकातला राजवाडा १३,६५९ खांबांवर उभा आहे. इथल्या शाळकरी मुलांना हा आकडा पाठ असतो: वर्षाचे दिवस ३६५, आधी १ लावायचा, शेवटी ९.

मुख्य कालवे तीन: हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. म्हणजे सरदारांचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा. त्यांची खोदाई १६१३ साली सुरू झाली, आणि हा सगळा पट्टा २०१० पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. पैसा कुठून आला, हे बोटवाला सांगेलच. १६०२ मध्ये निघालेली डच ईस्ट इंडिया कंपनी, मिरी, जायफळ, लवंग. यातलं जायफळ कसं रक्त सांडून मिळवलं, ते काही बोटवाले सांगतात, काही गाळतात.

आमचे बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. सोडल्यापासून ते हूं हूं करत ऐकत होते. कंपनीचं नाव निघताच एकदम ताठ बसले. ‘आमच्या वेंगुर्ल्याक डचांची वखार आसा, तेंचोच ह्यो गाव!’ मी ते भाषांतर करून सांगितलं. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. त्या पोराला हे ठाऊक नव्हतं. त्याने नाव दोनदा विचारलं, फोनवर नकाशा काढला, आणि पुढची दहा मिनिटं बाबाच गाइड झाले. ब्राउवर्सग्राख्तवर जुन्या वखारी आहेत, मजल्यामजल्यावर मोठाल्या लाकडी झडपांच्या. त्यांच्याकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, आमची दगडी आहे, ह्या विटांच्या. लघवीचा प्रसंग यानंतर पाच मिनिटांनी आला, म्हणून तो जास्तच लागला त्यांना.

काही घरांवर नक्षीचे कोरीव दगड दिसतील, कुठे मासा, कुठे कात्री, कुठे बैल. घरांना नंबर येण्याआधीचा तो पत्ता. ‘कात्रीवाल्या घराच्या शेजारी’ असं सांगायचं, आपल्याकडे पिंपळापासून तिसरं घर म्हणतात तसं. खोलीबद्दलचा विनोदही हमखास ऐकाल: एक मीटर चिखल, एक मीटर सायकली, एक मीटर पाणी. विनोद जुना आहे, पण दर वर्षी हजारो सायकली पाण्यातून खरंच काढतात. लोखंडी पंजाची बोट येते आणि गाळ निथळणारी सायकल वर उचलते. ते दिसलं तर नशीब समजा, राजवाड्यापेक्षा बघण्यासारखं असतं.

आता वेळेचं. सगळीकडे ‘सूर्यास्ताची फेरी’ म्हणून जाहिराती असतात. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाला मावळतो! आठला निघालात तरी चांगलं ऊन असतं. दिव्यांनी उजळलेले पूल बघायचे तर साडेदहा वाजतील, आणि आईबाबा तोवर पेंगुळतील. मी साडेसहा-सातची फेरी घेते. ऊन तिरपं होतं, विटा लाल दिसतात, दुपारची गर्दी ओसरते. नाहीतर सकाळची पहिली. स्वेटर मात्र जून असला तरी न्याच. काठावर घाम येत असतो आणि पाण्यावर वारा कानात शिरतो. सासूबाईंनी शाल नको म्हणून हॉटेलात ठेवली होती, शेवटी बोटवाल्याच्या घोंगडीत गुंडाळून बसल्या.

पैशाचं साधारण असं, की मोठ्या बोटीचं तिकीट माणशी पंधरा-वीस युरोच्या आसपास आणि छोटीचं त्याच्या दीडपट ते दुप्पट. छोटीत बऱ्याचदा पेय आणि चीज धरलेलं असतं. शुद्ध शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, इथलं पारंपरिक चीज बहुतेक वेळा वासराच्या जठरातल्या रेनेटने घट्ट केलेलं असतं. सासूबाईंनी दोन तुकडे आवडीने खाल्ले. मी काही बोलले नाही, तुम्हीही त्यांना सांगू नका.

तिकीट काढताना नुसतं ‘छोटी बोट’ बघून भुलू नका. काही बोटींत अमर्याद दारू असते, काहींत गांजा ओढायची मुभा असते, आणि त्या जाहिरातीतसुद्धा फोटो तोच, तीच फुलांची कुंडी. ‘ओपन बार’, ‘स्मोक’ असे शब्द दिसले की पुढे चला. वाटही विचारून घ्या. काही बोटी लाल दिव्यांच्या वस्तीतून जातात. आईबाबांसोबत चालणार असेल तर प्रश्न नाही, पण तिथल्या खिडक्यांचे फोटो काढायचे नाहीत, हे बोटवाला सांगेपर्यंत थांबू नका.

वाट ऐनवेळी बदलली तर भांडू नका. काठाच्या भिंती जुन्या झाल्या आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्गवालची भिंत चक्क पाण्यात कोसळली, शहरभर दुरुस्त्या चालू आहेत आणि एखादा कालवा बंद असतोच. पावसाचं म्हणाल तर बोट सुटते. छत्री उघडू नका, मागच्याला काही दिसत नाही आणि पुलाखाली अडकते. टोपीचं जाकीट घाला.

अ‍ॅन फ्रँकचं घर प्रिन्सेनग्राख्तवर आहे, बोट समोरून जाते, थांबत नाही. आत जायचं असेल तर वेगळं तिकीट, फक्त ऑनलाइन, आणि ते दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुलं होतं. जूनचं हवं असेल तर आजच तारीख मोजा.

हेरेनग्राख्त आणि रेग्युलिअर्सग्राख्त मिळतात त्या कोपऱ्यावर एकामागे एक सात पुलांच्या कमानी दिसतात. बहुतेक बोटी आता बॅटरीवर चालतात, त्यामुळे तिथे थांबल्या की फक्त पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. फोटोसाठी उभं राहायचं नाही. बसूनच सगळे सात येतात, मी मोजलेत.

आणि सगळं वाचून तुमचे बाबा म्हणाले की एवढे पैसे बोटीला नकोत, तर सेंट्रल स्टेशनच्या मागच्या दाराने बाहेर पडा. तिथून आय नावाचं रुंद पाणी ओलांडणाऱ्या फेरीबोटी सुटतात, तिकीट नाही, माणसं आणि सायकली एकत्र. पाच मिनिटांची बाउक्स्लोटरवेखची घ्या, किंवा एनडीएसएम नावाच्या धक्क्याची, ती जरा लांबची. कालवे नाही दिसणार, पण पाण्यावरून शहर दिसेल. आमचे बाबा दुसऱ्या दिवशी त्यातून चार वेळा गेले आणि आले, मला न विचारता.