भोवऱ्यावर मिकी काढताना

ताई, मुलांना रंगवायला लाकडी भोवरा दे, शक्यतो बिनरंगी. चकचकीत असेल तर आधी पॉलिश पेपरने घास, नाहीतर ॲक्रेलिक रंग सोलून निघतो. चेहरा वरच्या भागावरच काढा. खालच्या निमुळत्या भागावर दोरी गुंडाळली जाते, तिथली लाल चड्डी आणि पिवळे बूट लवकरच खरवडले जाणार. पोरांचा हट्टच असेल तर काढू दे बापडी! कान मात्र रंगवायचेच, पुठ्ठ्याचे चिकटवायचे नाहीत. एक बाजू जड झाली की भोवरा डगमगतो. सांगलीत पावसाळी दमट हवा असली की रंग रात्रभर वाळू दे. आणि फिरताना मिकी जाऊन नुसती वर्तुळं दिसतात, तेव्हा धाकटा रुसेल. त्याला आधीच सांगून ठेव.