खूश राहण्याचा हप्ता

प्रश्न : मॅडम, आम्ही ऐरोलीत राहतो. मुलीला बारावी सायन्सला 84 टक्के होते. सीईटीतही इंजिनिअरिंगला बऱ्या कॉलेजात सीट मिळाली असती. पण तिला लहानपणापासून पक्ष्यांचं वेड. दीर-नणंदांशी वाईटपणा घेऊन आम्ही तिला ठाण्यातल्या कॉलेजात बीएस्सी झूऑलॉजी करू दिलं. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी खाडीवर पक्षी मोजायला जाते, कधी पहाटे पाचला तर कधी भर दुपारी. घरी येते तेव्हा चेहरा उतरलेला असतो, धड बोलत नाही. परवा चाळीस पक्ष्यांचा हिशेब जुळेना म्हणून रात्री साडेबारापर्यंत लॅपटॉपसमोर बसली होती. जेवताना तिचे बाबा म्हणाले, ‘तुझ्याच आवडीचं चाललंय ना, मग आता तरी खूश राहा.’ ती ताटावरून उठून गेली. आम्ही एवढं केलं, तिने निदान खूश तरी दिसावं, एवढीच अपेक्षा आहे. तिला यात आनंद मिळत नसेल तर वेळेवर एमबीएच्या सीईटीला बसवावं का? – एक आई

उत्तर :

ताई, एमबीएचं आधी सांगून टाकते. ती सीईटी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. पुढच्या वर्षी देता येईल, पाच वर्षांनीही देता येईल. घाई करण्यासारखं त्यात काही नाही. तुमच्या पत्रात माझा जीव अडकला तो वेगळ्याच वाक्यात : ‘तिने निदान खूश तरी दिसावं.’

हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ते प्रेमानेच लिहिलंय, यात मला शंका नाही. नातेवाइकांचे टोमणे तुम्ही झेललेत, त्याचा शीण तुम्हालाही आहे. पण त्या वाक्यात एक हप्ता लपलाय. इंजिनिअरिंगची सीट सोडू दिली, वाईटपणा घेतला, त्याची परतफेड मुलीने रोज संध्याकाळी हसऱ्या चेहऱ्याने करायची. आणि एखाद्या दिवशी हप्ता चुकला की तिच्या ताटापाशी वसुली होते.

जरा विचार करा. हीच मुलगी इंजिनिअरिंगला असती, गणिताच्या एम-थ्री पेपरात नापास होऊन केटी लागली म्हणून रडत घरी आली असती, तर तुम्ही काय केलं असतं? आलं घालून चहा केला असता. बाबा म्हणाले असते, ‘जाऊ दे गं, पुढच्या वेळी निघेल.’ काकांनीही फोन करून धीर दिला असता. न आवडणाऱ्या गोष्टीत दमलेल्या मुलांना आपलं घर जवळ घेतं. आवडीच्या गोष्टीत दमलेल्या मुलीला मात्र तेच घर विचारतं, ‘मग घेतलंस कशाला?’ तिला कंटाळा आलाय हे सांगायची सोय उरलेली नाही. एकदा ‘आज नको झालं’ म्हणाली, की तुम्ही एमबीएचा फॉर्म काढाल. ती धड बोलत नाही ती यामुळे, असं मला तुमच्या पत्रावरून स्पष्ट वाटतं.

मला हे पुस्तकात वाचून कळलेलं नाही. मी बँकेतली कायमची नोकरी सोडून या कामात आले तेव्हा घरच्यांनी मला अडवलं नाही, उलट पाठीशी उभे राहिले. तरी पहिली दोन वर्षं मी दिवसभर लोकांच्या अडचणी ऐकून रिकामी होऊन घरी यायचे आणि दारातच चेहरा नीट करून आत शिरायचे. स्वतः मागून घेतलेलं काम, आता तक्रार कुठल्या तोंडाने करणार? एका संध्याकाळी सासूबाई नुसतं म्हणाल्या, ‘काही बोलू नकोस, बस जरा.’ मी पंख्याखाली तासभर बसले. काम सोडावंसं मला त्याआधीही वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते करायला घरात जागा झाली.

आता तुमच्या घरात, आणि खरं तर ठाण्या-नवी मुंबईच्या निम्म्या घरांत, पक्का बसलेला एक समज. ‘आवडीचं काम केलं की ते काम वाटतच नाही.’ व्याख्यानांत हे ऐकवलं जातं, टाळ्या मिळतात, आणि मुलांचं फार नुकसान होतं. तुमच्या मुलीचा दिवस पाहा. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तिची पहाट आणि दुपार सारखी बदलते. त्यात लहरीपणा काही नाही, चिखल उघडा पडला की पक्षी खायला उतरतात आणि तिला तेव्हाच हजर राहावं लागतं. हजारोंचा थवा एकेक करून मोजता येत नाही. शंभराचा एक ठोकळा नजरेत पक्का धरायचा आणि असे ठोकळे किती ते पाहायचं. मध्येच एखादी घार वरून गेली की थवा उठतो, पुन्हा पहिल्यापासून. मग शेकाटे वेगळे, तुतवार वेगळे, आणि दूरवर उन्हात थरथरणारे ते नेमके कोण, यावर अर्धा तास. घरी आल्यावर ते सगळं एक्सेलमध्ये. यात दहा भाग कष्ट असतात आणि एखादा भाग असा, की ज्यासाठी माणूस उद्याही जातो. आवडीच्या कामाची गंमत त्या एका भागात असते. बाकीचे भाग ती आवड कमी करत नाहीत, पण माणसाला दमवतात, आणि दमलेला माणूस दमलेलाच दिसतो.

पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अली 1930 मध्ये बर्लिनहून शिकून परत आले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशांअभावी बंद झाली होती. मुंबईत राहणं परवडेना म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते महिनोन्‌महिने तीच घरटी न्याहाळत, टिपणं काढत बसले. आपण त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. तो अर्धंमुर्धं घरटं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर तो ते पुरं करतो आणि दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो. हे सगळं नीट उलगडलं ते किहीमच्या त्या बसण्यातून. नोकरी गेलेला, हातात टिपणवही घेऊन झाडाकडे बघत बसलेला तो तिशीतला माणूस संध्याकाळी घरी परतताना ‘खूश दिसत’ असेल का? मला नाही वाटत.

तुम्हाला तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवंय : तिला यात आनंद आहे का? ते तुम्हीच लिहून पाठवलंय, तक्रार म्हणून. चाळीस पक्ष्यांचा हिशेब लागेना म्हणून ती साडेबारापर्यंत बसली. कोणी सांगितलं होतं? सरांनी? त्या चाळीसने तिच्या मार्कांत काही फरक पडला नसता. चुकीचा आकडा आपल्या हातून जाऊ नये, एवढ्यासाठी जी मुलगी झोप मोडते, तिला आतून काय धरून ठेवतंय ते ओळखा. आपण आनंद हसण्यात शोधतो. गुंतलेल्या माणसाच्या कपाळाला बऱ्याचदा आठी असते.

काळजीची वेळ कुठली, तेही सांगते. दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, खाडीचं नावही नकोसं झालं, मैत्रिणींना भेटणं बंद झालं, तर ते दमणं नव्हे. तेव्हा करिअरचं बोलू नका, आधी डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

मला नवल याचं वाटलं की तुम्ही पैशांबद्दल अक्षर विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, म्हणून मी न विचारता सांगते. या क्षेत्रात पहिली काही वर्षं प्रोजेक्टवरची कामं असतात, सहा महिने, वर्षभर. मानधन बेताचं. इंजिनिअर झालेल्या चुलतभावाशी तुलना केलीत तर ती दरवर्षी हरेल. पुढे एमएस्सीसाठी डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, नाहीतर वनसेवेची परीक्षा, हे रस्ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतील. एक मात्र तिला जरूर सांगा. आपल्याकडे खाडीवर पूल होतायत, विमानतळ झालाय, आणि मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांसाठी अचूक मोजणी करणारी माणसं लागतात. चाळीसचा फरक न सोडणारी सवय तिथे पोट भरू शकते. पगाराचा विषय तिच्याशी मोकळेपणाने काढा. तो तिला पेलेल. ‘खूश आहेस ना?’ हा प्रश्न पेलत नाहीये.

तेव्हा सल्ला मुलीसाठी नाही, तुम्हा दोघांसाठी आहे. आजपासून ‘मजा आली का’ विचारणं बंद. ‘आज काय दिसलं?’ एवढंच विचारा, तेही तिचं जेवण झाल्यावर. उत्तर आलं नाही तर पाठ पुरवू नका. ‘आम्ही तुला करू दिलं’ हे वाक्य घरातून काढून टाका. शिकणं तिचं होतं, ते तुम्ही दान केलेलं नाही. आणि बाबांनी तिला एकदा स्पष्ट म्हणावं, ‘कंटाळा आला तर सांग, मी लगेच काही ठरवणार नाही.’ हे त्यांनाच म्हणावं लागेल, कारण ताटावरचं वाक्य त्यांचं होतं.

एक विचारते. तुम्ही ऐरोलीत राहता. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य तुमच्या दारात आहे, 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तुम्ही दोघं एकदा तरी तिच्याबरोबर गेलात? बोटीत बसून गुलाबी थवे बघायला म्हणत नाहीये, तेही छानच असतं. ती जिथे उभी राहून मोजते तिथे. येत्या रविवारी ओहोटी किती वाजता आहे ते तिला विचारा आणि ‘आम्ही आलो तर चालेल का’ असंही विचारा. नाही म्हणाली तर पुढच्या रविवारी विचारा. गेलात तर तिचा आकडा चुकेल असं मध्ये बोलू नका. पाण्याची बाटली आणि तिची वही बाबांनी धरावी. आणि बूट नाडीचे घाला, त्या चिखलात चप्पल पायात राहत नाही.